दहापैकी सहा

चित्रपट संपला म्हणजे त्यास गुण द्यावयाचे, अशी एक चाल अलीकडे आमच्या घरात पडली आहे. आम्ही नांदेडास असतो, आमचे ज्येष्ठ बंधू लातुरास. दोन्ही बिऱ्हाडांनी शनिवारी रात्री एकच चित्रपट घरी पाहावा आणि रविवारी सकाळी दूरध्वनीवरून दहापैकी गुणांची देवघेव करून सर्वांच्या मते एक अंक ठरवावा, असा आमचा परिपाठ आहे. अंक टिपण्यासाठी एक वहीही केली आहे. परवा ती चाळीत असता दोन नोंदी दृष्टीस पडल्या: ‘द डिसायपल’, सहा, ‘पाणी’, सहा. हे दोन चित्रपट एकमेकांपासून इतके भिन्न, की दोघांची ओळख एकाच अंकाने पटावी हे आम्हांस चमत्कारिक वाटले. आणि त्या अंकाने आपण नेमके काय मोजले, याचा विचार करणे भाग पडले.

चित्रपटास गुण देण्याची रीत काही आजची नव्हे. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ पत्रात आयरीन थायरर या टीकाकार बाईंनी १९२८ च्या जुलैत चित्रपटांस तारका देण्यास आरंभ केला. त्या वेळी तीन तारका म्हणजे पैकीच्या पैकी गुण. पुढे तारका वाढत गेल्या. २०१७ साली नेटफ्लिक्सने पाच तारकांची पद्धत मोडून अंगठा वर किंवा खाली करण्याची सोय केली. आमच्या आज्यापणज्यांची अंगठा उठविण्यापासून सुटका व्हावी म्हणून थोरामोठ्यांनी रात्रीच्या शाळा काढल्या. आणि त्यांची पदवीधर नातवंडे अभिप्राय देताना पुन्हा अंगठाच उठवीत आहेत! लातूरकरांस तर गुणांचे माहात्म्य आम्ही सांगावे असे नाही; परीक्षेच्या तयारीच्या ज्या पद्धतीने त्या गावाचे नाव महाराष्ट्रभर केले, ती ‘लातूर पॅटर्न’ म्हणूनच ओळखली जाते. परंतु परीक्षक गुण देतो तो उत्तरपत्रिका वाचून, आणि कोणत्या प्रश्नास किती हे समासात मांडून. आमच्या वहीत बेरीज तेवढी आहे. समास कोरा आहे.

‘द डिसायपल’चीच गोष्ट घ्या. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटास २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळाले, आणि २०२१ पासून तो घरबसल्या पाहता येऊ लागला. शरद नेरूळकर हा तरुण शास्त्रीय गायनाची कठोर साधना करतो. पण साधनेने जे येते त्यापलीकडचे काही आपल्या गळ्यात नाही, हे त्यास हळूहळू उमगत जाते. आमची कन्या म्हणाली, “फार संथ आहे,” आणि तिने चार गुण कापले. पण रात्रीच्या रस्त्यावरून दुचाकीने जाताना शरद माईंचे ध्वनिमुद्रित बोल ऐकत असतो, ती दृश्ये संथ नसती तर एका माणसाची वर्षे कशी सरली, हे आम्हांस कळले असते काय? शिवाय खरे सांगावयाचे तर तो चित्रपट आम्ही दोनदा थांबविला. एकदा कुकरच्या शिट्टीसाठी, एकदा दारी आलेल्या पाहुण्यांसाठी. आलापीच्या मध्येच गवयास थांबवावे आणि मग रंग भरला नाही म्हणून बोल लावावा, तशातला हा प्रकार झाला. जेथे गलबला नाही, क्षोभ नाही आणि रंगमंडप भरलेला आहे, तेथे प्रयोगास दैवी सिद्धी मिळाली असे नाट्यशास्त्र म्हणते. ती सिद्धी आमच्या बैठकीच्या खोलीत उतरावयाची नाही. मग त्याबद्दलचे गुण कापावयाचे ते चित्रपटाचे नव्हेत, आमचे.

‘पाणी’ची कथा निराळी. आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट. नायकाची भूमिकाही त्यांचीच. पर्यावरणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास २०१९ साली जाहीर झाला, आणि चित्रपटगृहांत तो आला १८ ऑक्टोबर २०२४ रोजी. आमच्याच जिल्ह्यातील नागदरवाडीचे हनुमंत केंद्रे यांच्या आयुष्यावर तो आधारलेला आहे. गावास पाणी नाही म्हणून ठरू पाहणारे लग्न अडते, आणि तरुण गावात पाणी आणावयाचे मनावर घेतो.

लातूरच्या बंधूंनी त्यास आठ गुण दिले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास आली, तेव्हा ते तेथेच होते. त्यांचे आठ गुण चित्रपटास होते की त्या उन्हाळ्यास, हे त्यांचे त्यांसही सांगता येणार नाही. आम्ही पाच दिले. कारण पाणी अडविण्याचे काम साऱ्या गावाच्या घामाचे असते, आणि चित्रपटाची नजर मात्र, आमच्या मते, पुढे पुढे एकाच माणसावर खिळते. मातोश्रींनी गुण देण्याचेच नाकारले. त्या एवढेच म्हणाल्या, “मुलीच्या घरच्यांचं काही चुकलं नाही. माझ्या वडिलांनी आधी तुमच्या घरचा आड पाहिला, मग मुलगा पाहिला.”

या एका वाक्याने आमचे पाच आणि बंधूंचे आठ, दोन्ही फिके पडले. लग्न मोडू पाहणारे लोक दुष्ट नाहीत. दावा आहे तो कोरड्या आडाशी, आणि म्हणूनच ही प्रेमकथा या भागातील प्रत्येक घराची होते, हे चित्रपटाचे खरे बळ आम्हांस आमच्या अंकातून कधीच दिसले नसते. प्रयोगाच्या परीक्षणास कोण बसावे हे सांगताना नाट्यशास्त्राने व्याकरण जाणणारा, छंद जाणणारा, चित्रकार, धनुर्धर, गवई अशी निरनिराळी मंडळी नेमली आहेत. ज्याने त्याने आपल्या विषयापुरते बोलावे. घरात अशी मंडळी आयतीच जमलेली असतात. त्यांची सरासरी काढली की जाणकार नाहीसा होतो आणि अंक उरतो. नांदेड हे नरहर कुरुंदकरांच्या वास्तव्याचे गाव. १९८२ साली ते गेले, परंतु त्यांचे मत पटो वा न पटो, ते कोणत्या कारणांवर उभे आहे हे वाचकास नेहमी कळत असे. त्या गावात राहून कारणाशिवाय गुण वाटणे आम्हांस तरी शोभत नाही.

म्हणून वही आम्ही टाकली नाही. एक नियम तेवढा केला आहे. जो गुण देईल त्याने समासात एक कारण लिहावे, आणि तेही आपणांस ठाऊक असलेल्या गोष्टीचे. ‘द डिसायपल’ पुन्हा, न थांबविता, पाहावयाचे ठरले आहे. ‘पाणी’समोरचा सहा तसाच ठेवून त्याच्या बाजूस मातोश्रींचे वाक्य लिहिले आहे, आणि पाण्याच्या गाडीची हकीकत स्वहस्ते लिहून पाठविण्याविषयी लातुरास कळविले आहे.