‘मृदा आरोग्य पत्रिका’ : एक भाषिक परीक्षण

परीक्षण करावयाचे ते ग्रंथांचेच, असा आपल्या विभागांतून एक समज रूढ आहे. तथापि जो मजकूर कोट्यवधी शेतकऱ्यांच्या हाती जातो आणि ज्याच्या आधारे जमिनीत काय घालावे हे ठरते, त्याची भाषा तपासणे हे भाषाभ्यासकाचे काम नव्हे असे म्हणता येणार नाही. केंद्र शासनाने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे या पत्रिकेच्या योजनेचा प्रारंभ केला. महाराष्ट्रात ती ‘मृदा आरोग्य’ आणि ‘जमीन आरोग्य’ अशा दोन्ही नावांनी ओळखली जाते. प्रस्तुत लेखात तिच्यातील रसायनशास्त्राचे नव्हे, तर तिच्या मराठीचे परीक्षण करावयाचे आहे.

पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते : नत्र, स्फुरद, पालाश व गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन, आणि सामू, विद्युत वाहकता व सेंद्रिय कर्ब. त्याखाली पिकानुसार खतांच्या मात्रा दिलेल्या असतात. हे कार्य मोलाचे आहे यात शंका नाही. प्रश्न आहे तो नावाने दिलेल्या वचनाचा. ‘आरोग्य’ हा शब्द ‘अरोग’ यावरून सिद्ध झाला आहे. रोग नसणे हा त्याचा मूलार्थ. पत्रिका या मूलार्थाशीच प्रामाणिक राहते. कोणता घटक कमी आणि कोणता अधिक, एवढेच ती सांगते. परंतु मातीचे आरोग्य म्हणजे केवळ उणीव नसणे नव्हे. पाणी मुरवून धरण्याची, हवा खेळती ठेवण्याची आणि असंख्य जीवांना पोसण्याची तिची क्षमता त्या कल्पनेत अभिप्रेत आहे. बारांपैकी केवळ सेंद्रिय कर्ब हा एकच घटक या क्षमतेकडे थोडाफार निर्देश करतो.

संज्ञा कृत्रिम आहेत म्हणून त्या त्याज्य, असे येथे म्हणावयाचे नाही. नत्र, स्फुरद, पालाश हेही एके काळी घडविलेलेच शब्द. परंतु खताच्या पोत्याबरोबर ते शेतापर्यंत गेले आणि आज बांधावरच्या बोलण्यात सहज येतात. शब्दाला कृतीची जोड मिळाली की तो रुजतो, हे त्यांनी दाखवून दिले. उलट ‘सामू ८.७’ एवढ्याने शेतकऱ्याला काय करावे हे कळत नाही. तोच शेतकरी जेव्हा आपले रान ‘चोपण’ आहे असे म्हणतो, तेव्हा पाणी वर साचते, ओल असता माती चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते, हे सारे त्या एका शब्दात येते. सोडियममुळे चिकणमातीचे कण विलग होऊन छिद्रे बुजतात, हे त्याचे शास्त्रीय कारण. चोपण जमिनीला जिप्सम व सेंद्रिय खत हवे, तर खारवट जमिनीला प्रथम निचरा हवा. बोलीने हा भेद दोन शब्दांनी केव्हाच केलेला आहे. चोपणपणाचा खरा निकष जो विनिमयक्षम सोडियम, तो मात्र पत्रिकेच्या बारा घटकांत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट काळाची. पत्रिकेतील सर्व शब्द द्रव्यवाचक वा मापवाचक आहेत, आणि तिला मुख्यत्वे ठाऊक असलेले क्रियापद ‘घालणे’ हे होय. शेतकऱ्याच्या शब्दांत काळ आणि क्रिया यांची सांगड असते. ‘वाफसा’ ही पाऊस उघडल्यानंतर येणारी आणि लवकरच निघून जाणारी अवस्था आहे. ती साधली नाही तर काळ्या रानात एक तर माती दबते, नाही तर ढेकळे निघतात. ‘बेवड’ म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीवर ठेवलेला परिणाम. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे म्हणणाऱ्याला मुळांवरील गाठींतील जिवाणूंचे नाव ठाऊक नसेल, पण त्यांचे कार्य ठाऊक असते. पड ठेवणे, ताग गाडणे, मेंढरे बसविणे या क्रिया मातीला केवळ अन्न देत नाहीत, तर वेळही देतात. पत्रिकेच्या कोष्टकात मागील पिकांचा इतिहास हा निदानाचा भाग होत नाही. मातीला भूतकाळच नाही असे तिचे व्याकरण समजते.

परंतु बोलीचे उदात्तीकरणही टाळले पाहिजे. जस्ताची उणीव डोळ्यांना दिसते ती पिकाचे नुकसान होऊ लागल्यावर, आणि केव्हा केव्हा दिसतच नाही. ती आधी सांगण्याचे सामर्थ्य कोणत्याही देशी शब्दात नाही. ‘कस’ वाढला की घटला हे दहा वर्षांनी ताडून पाहावयाचे, तर आकडाच हवा. मात्र तो आकडा नेमका कोणाच्या मातीचा, हेही पाहिले पाहिजे. पहिल्या दोन आवर्तनांत बागायतीत अडीच हेक्टरांमागे व जिरायतीत दहा हेक्टरांमागे एक नमुना घेण्याची पद्धत होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. म्हणजे पत्रिकेवर नाव एकाचे आणि माती दुसऱ्याची, असेही घडू शकत होते. अशा वेळी त्या आकड्याच्या शेजारी मालकाचा स्वतःचा शब्द असणे अधिकच आवश्यक होते.

सुधारणा फारशी अवघड नाही. पत्रिकेत आणखी दोन रकाने असावेत : एक, शेतकरी आपल्या रानाला काय म्हणतो, दुसरा, गेल्या तीन वर्षांचा बेवड. प्रयोगशाळेतील सामू आणि बांधावरचा ‘चोपण’ एकाच कागदावर आले, तर जेथे दोहोंचे जुळत नाही तेथे पुन्हा नमुना घ्यावा लागेल, आणि संशोधनाचा खरा प्रारंभ तेथेच होईल. असे शब्द गावोगावच्या अर्थच्छटांसह गोळा करणे हे आपल्या विभागाचे काम आहे. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेकजण शेतकरी कुटुंबांतून येतात. प्रबंधासाठी विषय शोधताना त्यांनी एकवार घरच्या बांधावर जाऊन कान द्यावा.