दात्याची इमारत, वाचकाचे कपाट : परदेशी शालेय ग्रंथालये उभारणाऱ्या मिशन-पथकांच्या कार्याची चिकित्सा

प्रस्तावना

परदेशातील एखाद्या गावी जाऊन तेथील शाळेसाठी ग्रंथालय उभारून देणे, हा सेवाकार्याचा प्रकार अमेरिकेतील चर्चमंडळ्यांमध्ये गेल्या काही दशकांत चांगलाच रूढ झाला आहे. त्याचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. मंडळीतील दहावीस सभासद निधी गोळा करतात, घरोघरीची वाचून झालेली पुस्तके जमवून खोक्यांत भरतात, आठवड्या-दोन आठवड्यांची रजा काढून मध्य अमेरिकेत वा आफ्रिकेत जातात, भिंती रंगवतात, फळ्या ठोकतात आणि प्रार्थनेने उद्घाटन करून परततात. अशा अल्पमुदतीच्या मिशन-दौऱ्यांचा व्याप लहान नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथ्नाउ यांच्या अंदाजानुसार २००५ च्या सुमारास वर्षाकाठी सुमारे १६ लाख अमेरिकी चर्चसभासद अशा कार्यासाठी परदेशी जात होते.

या कार्यामागील सद्भाव नाकारण्याचे कारण नाही. परंतु सद्भाव हा कृतीचा हेतू असतो, तिचे मूल्यमापन नव्हे. ग्रंथालयासारखी संस्था बाहेरच्यांनी उभारून देता येते काय, आणि येत असल्यास कोणत्या अटींवर, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इलिच यांचा आक्षेप

या प्रश्नावरील सर्वांत प्रखर विवेचन एका कॅथलिक धर्मगुरूनेच केले, ही बाब लक्षणीय आहे. मेक्सिकोत सेवाकार्यासाठी येणाऱ्या उत्तर अमेरिकी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एप्रिल १९६८ मध्ये इव्हान इलिच यांनी जे भाषण केले, ते पुढे या विषयावरील मूलभूत टीकालेख म्हणून ओळखले गेले. सेवेच्या नावाखाली हे तरुण वस्तुतः आपली जीवनपद्धती निर्यात करीत आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्यांची भाषा येत नाही त्यांच्यात सेवा करू पाहणारा मनुष्य स्वतःबद्दल लोक काय बोलतात हेही ऐकू शकत नाही. त्यापेक्षा त्याने आपल्याच देशातील गरिबांत काम करावे, कारण तेथे निदान नकार तरी त्याच्या कानी पडेल, असे त्यांनी सुचविले. मेक्सिकोत पाहुणे म्हणून, विद्यार्थी म्हणून जरूर यावे. उपकारकर्ते म्हणून येऊ नये, हा त्यांच्या भाषणाचा निष्कर्ष होता.

इलिच यांच्या युक्तिवादाचे बळ नकाराच्या मुद्द्यात आहे. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही त्याने दिलेल्या होकाराला अर्थ उरत नाही. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकापुढे परदेशी पाहुणे खोकी घेऊन उभे राहतात तेव्हा त्यांतील निम्मी पुस्तके निरुपयोगी आहेत, असे तो म्हणू शकत नाही. पाहुण्यांचा मान, पुढील वर्षीच्या मदतीची आशा आणि भाषेची अडचण या तिन्ही गोष्टी त्याचे तोंड बंद करतात. त्यामुळे दात्याला कृतज्ञताच तेवढी ऐकू येते आणि आपली निवड योग्य होती असा त्याचा समज दृढ होतो.

होंडुरासमधील पडताळणी

इलिच यांचे भाषण नैतिक आवाहनाच्या पातळीवरचे होते. त्याची काहीशी अनुभवाधिष्ठित पडताळणी पुढे कर्ट व्हर बीक यांनी केली. १९९८ च्या ‘मिच’ चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकी पथकांनी घरे बांधून दिली, तशीच ती स्थानिक ख्रिस्ती संस्थेनेही बांधली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार पथकाने बांधलेल्या एका घराचा खर्च, प्रवासखर्च धरून, सुमारे ३०,००० डॉलर येत होता. स्थानिक संस्थेला तसेच घर सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधता येत होते. घर मिळालेल्या कुटुंबांच्या जीवनात मात्र, ते कोणी बांधले यावरून, उल्लेखनीय फरक आढळला नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. दौऱ्याचा खरा लाभ जाणाऱ्याच्या मनःपरिवर्तनात असतो, तो पैशांत मोजू नये. व्हर बीक यांनी हाही दावा तपासला. परतलेल्या स्वयंसेवकांपैकी अनेकांनी आपले दान वाढल्याचे सांगितले; प्रत्यक्ष देणग्यांच्या नोंदींतून मात्र त्या प्रमाणात वाढ दिसून आली नाही. येथे एक तारतम्य राखणे आवश्यक आहे. विमानाच्या तिकिटावर खर्च झालेली रक्कम, दौरा झाला नसता तर, होंडुरासला मिळालीच असती असे गृहीत धरता येत नाही. तरीही १५ पट खर्चाची ही तफावत दौऱ्याच्या समर्थकांना निरुत्तर करणारी नसली तरी अस्वस्थ करणारी निश्चितच आहे.

घर आणि ग्रंथालय

तथापि घराचा निकष ग्रंथालयाला जसाच्या तसा लागू पडत नाही. घर बांधून झाले की दात्याचे काम संपते. राहणारा ते आपल्या सोयीने वापरतो. ग्रंथालयाचे काम मात्र इमारत पूर्ण झाल्यानंतर सुरू होते. हा भेद सर्वांत नेमकेपणाने मांडला तो एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतून. त्या सूत्रांच्या कसोटीवर मिशन-पथकाचे ग्रंथालय तपासले असता त्यातील उणिवा आपोआप स्पष्ट होतात.

ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, हे पहिले सूत्र. परक्या भाषेतील, परक्या अभ्यासक्रमाची, दात्याने घरातून काढून टाकलेली पुस्तके फळी भरतात. उपयोगाची अट पुरी करीत नाहीत. वाचकाला त्याचा ग्रंथ आणि ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, ही पुढील दोन सूत्रे निवडीची सुरुवात वाचकापासून व्हावी असे सुचवितात; पथकाच्या कामात ती दात्याच्या माळ्यावरून होते. वाचकाचा वेळ वाचावा, हे चौथे सूत्र वर्गीकरण व तालिका सांभाळणारा माणूस गृहीत धरते. इमारतीसाठी निधी जमतो, कारण तिचे छायाचित्र मंडळीला दाखविता येते. ग्रंथपालाच्या पगाराचे छायाचित्र निघत नाही. ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे, हे पाचवे सूत्र तर दोन आठवड्यांच्या दौऱ्याच्या कल्पनेलाच छेद देते. ज्या संग्रहात दुसऱ्या वर्षी नवे पुस्तक येत नाही आणि जीर्ण पुस्तक बाद होत नाही, त्याला फार तर कोठार म्हणता येईल.

मोरिजाचे कपाट

यावर असे म्हणता येईल की दोष घाईचा आहे. मिशनने मुक्काम ठोकला, भाषा आत्मसात केली, तर तो दूर होईल. आफ्रिकेतील लेसोथोचा इतिहास या समजुतीला पुष्टीही देतो आणि मर्यादाही घालतो. पॅरिसच्या इव्हँजेलिकल मिशनचे लोक तेथे १८३३ मध्ये आले. त्यांनी सेसोथो भाषा लिपिबद्ध केली, मोरिजा येथे शाळा, छापखाना व ग्रंथभांडार चालविले. याच परिसरात थॉमस मोफोलो हा लेखक घडला. त्याची पहिली कादंबरी मिशनच्याच छापखान्यातून १९०७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. येथवर मिशनचे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु झुलू राजा शाका याच्यावरील ‘चाका’ ही मोफोलोची कादंबरी १९१० च्या सुमारास लिहून तयार असूनही १९२५ पर्यंत छापली गेली नाही. ख्रिस्तपूर्व चालीरीतींचे तीतील चित्रण वाचकांवर अनिष्ट परिणाम करील, अशी शंका मिशनमधील काहींना वाटत होती. अखेर ती मिशननेच छापली, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. आज ती आफ्रिकी भाषांतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत गणली जाते. ज्याने लिहावयास शिकविले त्यानेच काय छापावे व काय कपाटात ठेवावे हे ठरविले. भाषा अवगत होती, मुक्काम दीर्घ होता, तरीही निवडीचा अधिकार दात्याच्याच हाती राहिला. दोष केवळ घाईचा नाही, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्राचा अनुभव

अमेरिकी चर्चच्या दृष्टीने महाराष्ट्र हीसुद्धा एके काळी परदेशी कार्यभूमीच होती. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. त्यांनी शाळा काढल्या आणि छापखाना घातला. तो धर्मप्रसारासाठी होता. पण त्यावरून प्रेरणा घेऊन गणपत कृष्णाजी यांनी स्वतः यंत्र व टाइप सिद्ध केले आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. जे तंत्र शुभवर्तमानाच्या प्रसारासाठी आणले गेले, त्यातून तिथी-नक्षत्रे छापून निघाली. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगर येथील सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळेपासून त्यांनी स्फूर्ती घेतली. पण त्यांच्या विचारांवर ठसा उमटला तो टॉमस पेन याचा, म्हणजे बायबलवर कठोर टीका करणाऱ्या लेखकाचा. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला.

ही उदाहरणे इलिच यांच्या सरसकट निषेधाला मुरड घालतात. बाहेरून आलेले साधन घेणाऱ्याला नेहमीच परतंत्र करते असे नाही. ते साधन घेणाऱ्याच्या हाती पूर्णपणे आले, त्याला ते उघडून पाहता आले, स्वतःच्या कारणासाठी, प्रसंगी दात्याच्या मताविरुद्धही, वापरता आले, तर त्यातून नवी निर्मिती होते. गणपत कृष्णाजींना छापखाना दानात मिळाला नव्हता. तो कसा चालतो हे त्यांनी जाणून घेतले. मोफोलोला लेखणी मिळाली, छापखाना मिळाला नाही. या दोघांच्या नशिबातील फरक दात्याच्या सद्भावाने पडलेला नाही. साधनाची मालकी कोणाकडे होती यामुळे पडलेला आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून मिशन-पथकांच्या ग्रंथालयकार्यासाठी तीन अटी निघतात. पुस्तकांची निवड तेथील शिक्षकांनी करावी आणि शक्य तेथे ती त्याच देशातील प्रकाशकांकडून विकत घ्यावीत, म्हणजे स्थानिक भाषेतील लेखनालाही आधार मिळेल. बांधकाम गावातील गवंडी-सुतारांना द्यावे आणि प्रवासखर्चातून वाचणारी रक्कम ग्रंथपालाच्या काही वर्षांच्या वेतनासाठी राखून ठेवावी. तिसरी अट सर्वांत अवघड आहे. नको असलेले पुस्तक परत करण्याचा आणि दात्याला न आवडणारे पुस्तक फळीवर ठेवण्याचा अधिकार शाळेकडे असावा आणि तो वापरल्याने पुढची मदत थांबू नये.

पहिल्या दोन अटी व्यवस्थापनाच्या आहेत. त्या पाळणारी मंडळी निघू शकतील. तिसरी अट धर्मकार्याच्या मूळ प्रेरणेलाच आव्हान देते, कारण आपल्या श्रद्धेच्या विरोधातील ग्रंथालाही आपल्याच पैशाने जागा करून देण्याची तयारी ती मागते. ही तयारी नसेल तर मंडळीने प्रार्थनागृह बांधावे. त्यात कोणाची फसवणूक नाही. शाळेतील मुलांसाठी ग्रंथालय बांधावयाचे असेल, तर त्यातून बाहेर पडणारा वाचक आपल्या मताचा असेलच असे नाही, हे दात्याने पाया खणण्यापूर्वीच मान्य केले पाहिजे.