देवीसिंगचा शेवट आणि आमच्या घरच्या थिअऱ्या

भवानी पेठेतल्या आमच्या घरी ‘देवमाणूस’वर जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या पीएचडीवर कधीच झाली नाही. आईची थिअरी अशी, की शेवटी डिंपलच त्याला पकडून देणार. मावशी म्हणते, तो मरतच नसतो गं!

आता मावशीची थिअरी तपासा. तो दिसला तर ती बरोबर. मेला तरी ‘वाचला असेल कुठंतरी’. जी चुकूच शकत नाही ती थिअरी काही सांगतच नाही, हे कार्ल पॉपरचं म्हणणं. आईची चुकू शकते, म्हणून तर एपिसोड बघायचा.

पण मालिकेनं मावशीचीच बाजू घेतली. पहिला भाग २०२०चा, दुसरा २०२१च्या डिसेंबरात आणि २०२५ला ‘मधला अध्याय’. किरण गायकवाड यावेळी टेलर. (काम झकासच करतो, वाद नाही.) पण अध्याय मधला म्हटल्यावर हा सुटणार हे नावातच आलं. मग आम्ही पुरावे जोडायचे कशाला?

मालिकेमागचं वाई-धोमचं प्रकरण २०१६ला उघडं पडलं, एका बेपत्ता बाईच्या तपासातून. आरोप मात्र २००३पर्यंत मागे जातात. तेरा वर्षं! माणसं गायब होतात आणि गावाला संशय येत नाही, हे कसं? खरं रहस्य इथं आहे. मालिकेनं तो वेळ त्याच्या गोड बोलण्यावर घालवला.

शेवटचा भाग आलाच, तर तो गायब झालेल्या बाईच्या घरातून सुरू व्हावा. आई म्हणते, असलं कोण बघणार? मी बघेन की.