कुंभाराचं गाढव आणि 'प्रभात'ची तुतारी

न्यायशास्त्रात एक गाढव आहे. घट कशामुळे होतो? माती, कुंभार, चाक, दंड ही कारणं. मग कुणी विचारतं, माती वाहून आणणाऱ्या गाढवाचं काय? नैयायिक म्हणतात, ते 'अन्यथासिद्ध'. म्हणजे हजर होतं खरं, पण कारणांत मोजायचं नाही. मराठी चित्रपटसमीक्षेनं वितरकाला नेमकी हीच जागा दिली आहे, आणि आमची तक्रार तिच्याबद्दल आहे.

'प्रभात' घ्या. १९२९ साली कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी भागीदारी केली. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. पहिल्या चौघांवर आपण भरभरून लिहिलं. पैसा उभा करणारे सीतारामपंत तळटिपेत. आणि ज्यांच्या 'फेमस पिक्चर्स'नं प्रभातची चित्रं थिएटरांपर्यंत नेली ते बाबूराव पै? तुतारी वाजवणारी ती स्त्री सगळ्यांना आठवते, पण तुतारी कुठवर ऐकू जायची हे ठरवणारा माणूस कुणाला आठवत नाही.

'संत तुकाराम' १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि वर्षाहून अधिक चालला. पागनिसांमुळे चालला, हे खरंच. पण पहिल्या आठवड्यात पाहून गेलेल्यानं शेजाऱ्याला सांगितलं, शेजारी महिन्याभरानं सवडीनं आला, तेव्हाही पडद्यावर तुकारामच होता. चित्र ठेवायचं की उतरवायचं, हा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो. अमेरिकेत १९४८ साली सर्वोच्च न्यायालयानं 'पॅरामाउंट' खटल्यात मोठ्या स्टुडिओंच्या हातून थिएटरं काढून घेण्याची वाट मोकळी केली, ती याच निर्णयाच्या ताकदीला घाबरून. २०२० मध्ये तिथलं ते बंधनही उठलं. असो.

आता आपल्याकडे. 'सैराट' २०१६ चा. निर्मितीत झी स्टुडिओज, वितरणात झी स्टुडिओज, संगीत आणि वाहिन्याही त्याच घरातल्या. आम्ही नाक मुरडणार नाही हं! हे घर पाठीशी नसतं तर नागराज मंजुळ्यांचं चित्र इतक्या गावांत एकदम पोचलं असतं, असं आम्हाला वाटत नाही. अडचण दुसरीच आहे. जे चित्र त्या घरानं उचललं नाही, त्यावर समीक्षा होतच नाही, कारण ते समीक्षकासमोर आलेलंच नसतं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं वसईत एक मराठी चित्र बघायला गेलो. दिवसाला एकच खेळ, तोही सकाळी. आत आम्ही धरून सात माणसं. पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन परत गेलो तर पोस्टरसुद्धा नव्हतं. त्या चित्राचं परीक्षण नंतर एका पेपरात वाचलं: 'प्रेक्षकांनी पाठ फिरवली.' मुलगी म्हणाली, "बाबा, आपण तर तोंड करून उभे होतो ना?"