उंदीर कुठे आहे?

‘मराठी लेखनात आलेल्या साथींविषयी काही लिहा’ असे संपादकांचे पत्र आले तेव्हा घरातली मंडळी हसली. दिवाळीच्या अंकात, चकल्या-करंज्यांच्या शेजारी प्लेग आणि पटकी! मीही हसलो, परंतु पत्र घडी करून ठेवताना मला वडगाव निंबाळकरचे आमचे जुने घर आठवले. त्या घरात दिवाळीला सुरुवात फराळाने होत नसे, कणगीपासून होत असे. थोरली आजी, म्हणजे माझ्या आजीची जाऊ, भिंतीलगतची कणगी पुढे ओढायला लावी, तिच्याखालची जमीन झाडून सारवून घेई आणि घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या अंगणात उन्हाला टाकी. कणगी हलली की तिचा ठरलेला प्रश्न येई, “लेंडी दिसती का रं उंदराची?” आम्हा पोरांना त्याची मोठी गंमत वाटे. त्या प्रश्नामागे काय होते ते ओघाने येईलच. आधी पुस्तकांकडे वळतो.

प्लेग म्हटला की मराठी वाचकाला एकच साल आठवते, १८९७. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला, काही महिन्यांत तो पुण्यास पोहोचला, रँडसाहेबाची नेमणूक झाली, गोरे सोल्जर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, माणसे उचलून छावण्यांत नेली. आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याचा सूड घेतला. ही कथा आपण भाषणांत ऐकली, धड्यांत वाचली, पडद्यावर पाहिली. १९७९ साली आलेला ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट तर मला फार आवडतो. पण त्याचे नावच पाहा. ती तारीख खुनाची आहे, रोगाची नव्हे. तो चित्रपटाचा दोष नाही. त्याचा विषयच तो आहे. माझी तक्रार निराळी आहे. प्लेगची जी जी कथा आपण सांगतो तीत साहेब असतो, हुतात्मा असतो, रडणारी आई असते, ओस पडलेली पेठ असते. आणि ज्याच्यावाचून यांतले काहीच घडले नसते तो उंदीर मात्र बहुधा नसतो. आठवणी लिहिणाऱ्यांनी त्याला कुठे कुठे ओसरीवर जागा दिली आहे. नाटक, चित्रपट आणि व्याख्याने यांनी ती दिली नाही.

कोणी म्हणेल, त्या काळी हे ठाऊक तरी कोणाला होते? हे खरे आहे. प्लेगचा जंतू येर्सिनने १८९४ साली हाँगकाँगला शोधून काढला होता. पण तो घरोघर फिरतो कसा, हे कोडेच होते. १८९७च्या जानेवारीत मुंबईस हाफकिनने आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, तेव्हाही ते सुटलेले नव्हते. रँडचे शिपाई भिंती धूत होते, कपडे जाळीत होते, माणसे शोधीत होते. आता कार्बोलिकने घर धुतले की उंदीर काय करणार? तो शेजारच्या घरात जाणार. म्हणजे ज्या मोहिमेने लोकांची अब्रू आणि शांती घेतली, तिने रोगालाही शेजारचे दार दाखवले असले पाहिजे. रँड आणि चापेकर, दोघेही माणसाच्याच मागावर होते.

उत्तर आले ते कराचीहून. पॉल-लुई सिमोंद नावाच्या फ्रेंच डॉक्टराने २ जून १८९८ रोजी एक साधा प्रयोग केला. प्लेगने मरणारा, पिसवांनी भरलेला एक उंदीर आणि जाळीआड ठेवलेला दुसरा निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श होत नव्हता, पिसू मात्र जाळीतून जात होती. पहिला मेला; काही दिवसांनी दुसराही प्लेगनेच मेला. हे कित्येक वर्षे फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे १९०५पासून प्लेग-आयोगाने मुंबईत प्रयोगांवर प्रयोग केले तेव्हा शंका फिटली. त्यातला एक प्रयोग मला कादंबरीतल्या प्रसंगासारखा वाटतो. प्लेग झालेल्या घरात प्राण्यांचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना रोग झाला. दोन फूट उंच टांगलेले वाचले. पिसू काही फार उंच उडी मारीत नाही! आता आपली जुनी घरे डोळ्यांपुढे आणा. पलंगावर कोण निजत होते आणि जमिनीवर गोधडी अंथरून कोण निजत होते? मुले, सुना, गडीमाणसे.

पुढे १९१४ साली पिसवेच्या पोटातली गोष्टही कळली. जंतू वाढून तिचा घसा तुंबतो. रक्त पोटात उतरत नाही, ती उपाशीच राहते, म्हणून पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला तुंबलेला घास जखमेत परत टाकते. उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले की ती त्याला सोडते आणि जवळचे ऊबदार अंग शोधते. माणूस तिच्या पहिल्या पसंतीचा नाही. उंदीर संपल्यावरचा आहे.

हे वाचताना मला आपल्या भाषेचा एक शब्दप्रयोग आठवला आणि मी चपापलो. ‘उंदीर पडले.’ मारलेला उंदीर नव्हे, सापळ्यातला नव्हे. आढ्यावरून, माळ्यावरून आपणहून टपकन पडलेला. ज्या गावांनी प्लेग पाहिला त्यांना एवढे दोन शब्द पुरत. उंदीर पडले की गाव उठे, शेतात खोपी पडत. सिमोंदचे नाव न ऐकलेल्या बायाबापड्यांना रोगाचा क्रम ठाऊक होता, आधी उंदीर, मग माणूस. माझ्या मते प्लेगविषयी मराठीत जे बोलले-लिहिले गेले त्यातले हे सर्वांत अचूक वाक्य होय, आणि ते कोणा लेखकाचे नाही. आल्बेर काम्यूने १९४७ साली ‘प्लेग’ ही कादंबरी लिहिली, तीत डॉक्टरचा पाय पहिल्यांदा पडतो तो जिन्यावरच्या मेलेल्या उंदरावर. त्याला खरे तर युद्धाविषयी आणि जुलमाविषयी बोलायचे होते असे जाणकार सांगतात. तरी त्याने उंदराचा मान राखला.

बाकीचे आपले शब्द असे नाहीत. देवी आल्या, म्हणजे पाहुणी आली. ‘पटकी’ म्हणताना माणूस पटकन गेला एवढेच ऐकू येते. १९१८च्या इन्फ्लुएंझाला लोकांनी ‘मानमोडी’ म्हटले. दुखणे कसे आहे ते कळते, आले कुठून ते नाही. हिवताप हिव सांगतो, डास सांगत नाही. पण इथे आपण एकटे नाही, ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचाही अर्थ वाईट हवा एवढाच. (रँडवर गोळ्या झाडल्या त्यानंतर दोनच महिन्यांनी, २० ऑगस्ट १८९७ला, रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचा जीव पाहिला. त्या वर्षाची ही दुसरी तारीख कोणी पाठ करीत नाही.) पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत वेशीबाहेर, पुढच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडीत. दोष पाण्यात होता. गाव गाडा ढकलीत होते आणि त्याच ओढ्याचे पाणी पीत होते.

एका कथेविषयी मात्र मला अधिक जपून बोलले पाहिजे. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक आजारी पोर सावित्रीबाई फुले यांनी पाठीवर घेतले आणि हडपसरला यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले; त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हा प्रसंग सांगताना आपण ‘स्पर्शाने रोग जडला’ असे म्हणून मोकळे होतो. वस्तुतः गाठीचा प्लेग नुसत्या स्पर्शाने सहसा लागत नाही. पिसू चावावी लागते. रोग फुफ्फुसात उतरला तर मात्र खोकल्यातून, श्वासातून तो माणसाकडून माणसाकडे जातो. मग हा बारकावा सांगितल्याने बाईंची थोरवी उणावते काय? मला तर उलटे वाटते. ज्या मुलाला शिवायचे नाही असे समाज वर्षानुवर्षे सांगत आला, त्याला आता शिवायला डॉक्टरही भीत होते. शिवले तर मरण येईल अशीच सर्वांची समजूत होती, आणि ती समजूत असताना त्यांनी त्याला उचलले. विटाळाची भीती आणि रोगाची भीती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे ज्यांना लख्ख कळले त्यांत त्या पहिल्या. धडा लिहिणाऱ्याने ‘स्पर्श’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरून हीच गोष्ट पुसून टाकली आहे.

ही सारी जुनी कथा झाली असे वाटेल. १९९४च्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातल्या मामला गावी उंदीर पडले. आदल्या वर्षीच्या भूकंपाने भ्यालेली माणसे घराबाहेर निजत होती, घरात धान्य होते, उंदरांना मोकळे रान मिळाले होते. पाठोपाठ सप्टेंबरात सुरतेची बातमी आली. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि ऊसतोडीला बीडकडची माणसे बैलगाड्यांनिशी येतात. त्या वर्षी आमच्या पारावर कुजबूज सुरू झाली, ‘ह्यांना गावात घेऊ नका.’ कोप्यांत राहणाऱ्या त्या माणसांच्या डोळ्यांला डोळा देणे मला जड गेले. उंदीर किंवा पिसू हा शब्द त्या पारावर कोणी काढला नाही. पुढे २०२०च्या मार्चमध्ये जेव्हा करोना आला, तेव्हा गावोगावच्या वेशीवर काटेरी झुडपे आडवी पडली, रस्त्यांवर फवारे उडाले. पुण्या-मुंबईहून आलेला सख्खा पुतण्याही ओसरीबाहेर थांबला. रोग मुख्यतः बंद खोलीतल्या हवेतून जात होता. आपण भाजी धूत बसलो होतो. ‘सामाजिक अंतर’ हा शब्द तर कोणी घडवला देव जाणे! हातभर अंतर हवे होते शरीरांत. समाजात ते आधीच हवे त्याहून जास्त होते. आणि सरकारने जो कायदा काढला तो १८९७चाच होता.

आता थोरल्या आजीची गोष्ट. आमच्या घरात ती कधी पूर्ण सांगितली गेली नाही. इतर बोलण्यात तुकड्यातुकड्यांनी येई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या एका हिवाळ्यात आमच्या आळीत उंदीर पडले आणि सारे घर मळ्यात खोपींत राहायला गेले. थोरली आजी नुकतीच माहेराहून परतली होती, कडेवर दोन वर्षांचा मुलगा. पंधरा-वीस दिवसांनी त्या मुलाच्या जांघेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. घराने निकाल दिला की हिने माहेराहून आणला, बाई पांढऱ्या पायाची. पुढची साठ वर्षे घरातल्या कोणत्याही मंगल कार्यात ओटी भरायला तिला पुढे बोलावलेले मी पाहिले नाही. ती आपली मागे, धान्य निवडीत.

मी पुण्यास कॉलेजात असताना पिसवेचे हे सारे प्रकरण वाचले आणि घरची गोष्ट मनात पुन्हा जुळवू लागलो. टीकाकाराची सवय म्हणा, वाक्ये तपासू लागलो. तिच्या माहेरी त्या वर्षी कोणी मेले नव्हते. आणि माझी आजी ही गोष्ट सांगे तेव्हा मध्येच एक वाक्य येई, आवाज न चढवता, जणू हवामानाची नोंद: “थंडी लई पडली व्हती, मंग बंद घरातनं गोदड्या आनल्या.” गोष्टीत ज्याला कोणी महत्त्व देत नव्हते, सारा अर्थ त्या एका वाक्यात होता. बंद घर, मेलेले उंदीर, उपाशी पिसवा, आणि जमिनीवर अंथरलेल्या त्याच गोधडीत निजवलेले पोर. अमुक गोधडीतलीच पिसू असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण माहेरापेक्षा गोधडीवरचा संशय कितीतरी सबळ होता.

१९६६च्या दिवाळीत मी घरी आलो. अंगणात गोधड्या पसरल्या होत्या आणि थोरली आजी काठी घेऊन त्या झोडपीत होती. मी उंबऱ्यावर बसून तिला सारे सांगितले. कराचीचे दोन उंदीर सांगितले, टांगलेले पिंजरे सांगितले, पिसवेचा तुंबलेला घसा सांगितला. तुझ्याकडून काही झाले नाही, असेही म्हणालो. ती काठी थांबवून ऐकत होती. मला वाटले, रडेल. ती रडली नाही.

“बंद घरातनं गोदड्या आनाया कुनी धाडलं व्हतं,” तिने विचारले, “ते लिवलंय का तुज्या बुकात?”

मी नाही म्हणालो.

“उन्हं कलली,” ती म्हणाली, “त्या तेवढ्या पालथ्या घाल.”