हाँगकाँगचीं छायाचित्रस्थळें

आशियांतील एखाद्या आधुनिक शहरीं जावयास निघालेल्या तरुणास हल्लीं पहिला प्रश्न पडतो तो तेथें काय पाहावें हा नव्हे, तर छायाचित्रें कोठें काढावीं हा होय. हाँगकाँगपुरतें या प्रश्नाचें उत्तर तयारच असतें. क्वारी बे येथें १९६० च्या दशकांत बांधलेल्या, एकमेकींस चिकटून उभ्या असलेल्या पांच इमारतींचा चौक. चोई हुंग वसाहतींतील सप्तरंगी भिंतींपुढचें बास्केटबॉलचें मैदान. व्हिक्टोरिया शिखरावरून दिसणारें रात्रीचें बंदर. तीर्थमाहात्म्याच्या पोथींत जसा घाट आणि मुहूर्त सांगितलेला असतो, तसा या याद्यांतून उभें राहण्याचा कोपरा व उन्हाची वेळहि सांगितलेली असते. फरक इतकाच कीं, यात्रेकरूस दर्शन नवें घडावयाचें असतें. आमचा हा तरुण मात्र घरीं शंभरदां पाहिलेलें चित्रच पुन्हा काढून परत येतो.

ज्या माणसानें हाँगकाँगच्या रस्त्यांस छायाचित्रकलेंत कायमचें स्थान मिळवून दिलें, त्या फॅन हो यास अशी यादी कोणीं दिली नव्हती. १९३१ सालीं शांघाय येथें जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणींच हाँगकाँगला आला, आणि वडिलांनीं दिलेला रोलीफ्लेक्स कॅमेरा गळ्यांत अडकवून गल्लीबोळांतून, बाजारांतून, धक्क्यांवरून हिंडूं लागला. त्याच्या उत्तम चित्रांतील जागा पाहाव्या तर अगदीं सामान्य: एखादा जिना, ट्रामचे रूळ, धुरानें भरलेली गल्ली. परंतु त्या धुरांतून उन्हाची तिरीप नेमकी उतरते, आणि त्याच क्षणीं कोणी हमाल किंवा शाळकरी पोर तींत पाऊल टाकतें. त्याचें १९५४ मधील ‘अप्रोचिंग शॅडो’ हें चित्र तर या बाबतींत फारच बोधप्रद आहे. एक उंच पांढरी भिंत, तिच्या पायथ्याशीं मान खालीं घालून उभी असलेली एक तरुणी, आणि तिच्याकडे सरकत आलेली काळी तिरकस सावली. भिंत कॉजवे बे येथील क्वीन्स कॉलेजची, तरुणी त्याच्या नात्यांतली, आणि सावली मागाहून अंधाऱ्या खोलींत घातलेली! तें स्थळ धुंडीत जाणाऱ्यास फार तर भिंत मिळेल. यास कोणी लबाडी म्हणतील. आम्ही म्हणणार नाहीं. तारुण्य ओसरण्याची जी हुरहुर त्या सावलीनें प्रकट होते, ती भिंतीवर कधींच नव्हती. ती पाहणाऱ्याच्या मनांत होती.

आमच्या साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर माणूस हा आलंबन विभाव; स्थळ, वेळ व प्रकाश हे उद्दीपन. नुसतें उद्दीपन जमवून रस निष्पन्न होत नाहीं. चांदणें आणि कोकिळा आणून बसविली म्हणजे शृंगार साधला असें समजणाऱ्या कवींचे हाल आपण पाहिलेलेच आहेत.

यावर मायकेल वुल्फ या जर्मन छायाचित्रकाराचें उदाहरण पुढें करण्यांत येईल. १९९४ पासून हाँगकाँगला राहिलेल्या व २०१९ सालीं वारलेल्या या कलावंताच्या ‘आर्किटेक्चर ऑफ डेन्सिटी’ या मालिकेंत माणूस जवळजवळ नाहींच. गगनचुंबी इमारतींच्या खिडक्याच खिडक्या आहेत. मग येथें स्थळच सर्वस्व नव्हे काय? नव्हे. वुल्फनें चौकटींतून आकाशहि कापलें आणि जमीनहि कापली, म्हणूनच त्या भिंती अनंत भासतात. रस्त्यावर उभ्या असलेल्या वाटसरूस त्या तशा दिसत नाहींत. तथापि या मालिकेचा मोह आम्हांस घातक वाटतो. तिच्या अनुकरणानें शेंकडों संसार ही एक नक्षी होऊन बसली. क्वारी बेचा तो चौक २०१४ च्या एका ‘ट्रान्सफॉर्मर्स’ चित्रपटांत झळकल्यावर तेथें गर्दी इतकी लोटली कीं, येथें छायाचित्रें काढूं नयेत, अशी सूचना लावण्याची पाळी आली. आपल्या अंगणांत दिवसभर परके लोक माना वर करून उभे आहेत, आणि त्यांस आपलें वाळत घातलेलें धोतर तेवढें हवें आहे, अशी कल्पना वाचकांनीं करून पाहावी.

वुल्फचें त्याहून मोठें काम आमच्या मतें ‘१०० × १००’ हें होय. १९५३ च्या नाताळांतील आगीनें निराश्रित झालेल्या हजारों लोकांसाठीं शेक किप मेइ येथें वसाहत उभी राहिली होती. तिच्या जुन्या इमारती पाडण्याचें ठरलें, तेव्हां २००६ सालीं त्यानें तेथील शंभर खोल्यांचीं चित्रें घेतलीं. खोली सुमारें शंभर चौरस फुटांची. दहा बाय दहा म्हणजे काय, हें मुंबईच्या चाळींत वाढलेल्या वाचकांस सांगावयास नकोच. प्रत्येक चित्रांत तीच चौकोनी जागा, आणि तरी एकहि चित्र दुसऱ्यासारखें नाहीं. कारण प्रत्येकींत तिचा धनी आपल्या भांड्याकुंड्यांसह, गाठोड्यांसह बसलेला आहे. अशा ठिकाणीं जावयाचें तर दार ठोठवावें लागतें.

त्या वसाहतींतील मेइ हो ही एक इमारत वारसा म्हणून राखली असून २०१३ पासून तींत प्रवाशांचें वसतिगृह आहे. तेथील संग्रहालयांत जुन्या खोल्यांचे हुबेहूब नमुने मांडलेले आहेत. पलंग आहे, स्टोव्ह आहे, कपडे टांगलेले आहेत. राहणारें मात्र कोणी नाहीं.