‘रक्षक’मधील संकर : ढोल, गिटार आणि भाषांची विभागणी

‘ब्लडीवुड’ या दिल्लीतील हेवी मेटल वाद्यवृंदाचा ‘रक्षक’ हा स्वरचित गीतांचा पहिला अल्बम फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रकाशित झाला. करण कटियार आणि जयंत भडुला यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला हा वृंद आरंभी लोकप्रिय गीतांची मेटल शैलीत रूपांतरे करीत असे. पुढे राउल केर यांच्या रॅपची त्यात भर पडली. जर्मनीतील वाकेन येथील मेटल महोत्सवात २०१९ मध्ये त्यांचे सादरीकरण झाले. ‘रक्षक’चे वर्णन ‘भारतीय लोकसंगीत आणि मेटल यांचा मिलाफ’ असे सर्रास केले जाते. ते चुकीचे नाही. मात्र हा मिलाफ रचनेच्या कोणत्या पातळीवर घडतो, हा समीक्षेचा प्रश्न त्यामुळे झाकला जातो.

मुळात ज्या साच्यावर हा अल्बम उभा आहे, तोच संकरित आहे. खालच्या सुरात लावलेली गिटार आणि रॅप यांचा संयोग करणारा ‘न्यू मेटल’ हा प्रकार १९९० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. ब्राझीलच्या ‘सेपुल्तुरा’ने १९९६ च्या ‘रूट्स’ या अल्बमसाठी तेथील शावान्ते या आदिवासी समूहाला सोबत घेतले होते. त्यामुळे केवळ देशी वाद्य योजले, एवढ्यावरून ‘रक्षक’चे नावीन्य सिद्ध होत नाही.

ते सिद्ध होते ढोलामुळे. येथे पुण्यातील ढोल-ताशा पथकांचा ढोल अभिप्रेत नाही. पंजाबी ढोलाच्या खर्जाच्या बाजूवर जाड, वाकडी काठी (डग्गा) आणि दुसऱ्या बाजूवर बारीक छडी (तिल्ली) पडते. मेटलमध्ये खर्जाची जागा बेस गिटार आणि पायाने वाजविला जाणारा मोठा ड्रम यांनी आधीच व्यापलेली असते. तेथे डग्ग्याचा नाद विरून जाण्याचा धोका असतो. ढोलाची ओळख टिकते ती तिल्लीच्या टणक आघातांमुळे. त्याहून महत्त्वाची बाब लयीची. मेटलमधील गिटारचे आघात, तळहाताची कड तारांवर टेकवून काढलेले, बहुधा सरळ आणि समान अंतराचे असतात. भांगड्याच्या ठेक्यात मात्र एक हेलकावा असतो. ‘मची भसड’मध्ये गिटार या हेलकाव्याशी जुळवून घेते आणि त्यामुळे गीताची चालच बदलते. लोकसंगीत येथे सजावट राहत नाही, ते बांधणीत शिरते. (दिल्लीच्या बोलीतील ‘भसड’ या शब्दाला मराठीत ‘गोंधळ’ म्हणता येईल, पण त्यातील टारगटपणा त्यात उतरत नाही.)

बासरीविषयी असे ठामपणे म्हणता येत नाही. ‘जी वीरे’ या नैराश्यावरील गीतात ती आशयाला धरून आहे. इतरत्र तिच्या सुरावटी बाजूला काढल्या तरी गीताचा सांगाडा फारसा ढळणार नाही.

अल्बमची खरी अडचण भाषेत आहे. भडुला हिंदी आणि पंजाबीत गातात, गर्जतात. केर यांचा रॅप इंग्रजीत चालतो. परिणामी घोषणा, आवाहन आणि भावनेचा उद्रेक हिंदी-पंजाबीकडे, तर युक्तिवाद आणि तपशील प्रामुख्याने इंग्रजीकडे अशी कामाची वाटणी झालेली दिसते. द्वेषाच्या राजकारणावर प्रहार करणाऱ्या ‘गद्दार’ या पहिल्याच गीतात हे जाणवते. ज्या समाजाला हा आरोप उद्देशून आहे, त्यातील बहुसंख्यांच्या वाट्याला आरोपाचा आवेश येतो; त्यामागील विचार मात्र परदेशी श्रोत्याला अधिक सुलभ होतो. लैंगिक हिंसेवरील ‘दना-दन’मध्ये तर प्रतिकाराचा जोश इतका प्रबळ आहे की हिंसेला हिंसेनेच उत्तर द्यावे काय, हा प्रश्न गीत स्वतःला विचारतच नाही. मेटलचा स्वभाव उग्र असतो, हे मान्य केले तरी ही उणीव लहान नाही.

दहांपैकी अनेक गीते आधी सुटी प्रकाशित झाली होती. त्यामुळे अल्बम म्हणून अपेक्षित असलेला अंतर्गत क्रम ‘रक्षक’मध्ये सैल आहे. राजकीय संतापावरून व्यक्तिगत शोकाकडे, तेथून ‘बीएसडीके.एक्सई’सारख्या, शिवीचा संक्षेप मिरविणाऱ्या शीर्षकाकडे तो उडी मारतो. तरीही ‘जी वीरे’, ‘एंड्युरंट’ आणि ‘याद’ ही तीन गीते एकापाठोपाठ येतात, तेव्हा नैराश्य, छळ आणि वियोग यांची एक सलग साखळी तयार होते. गर्जनेसाठी ओळखल्या जाणाऱ्या गायकाचा कोमल स्वर याच टप्प्यावर नीट ऐकू येतो.